चिपट्यात मावणारी सून

फार पूर्वी, कुत्री माणसांसारखी सोयरीक जमवत तेव्हाची गोष्ट. त्यांना लहानखुऱ्या सुनेचं भारी वेड होतं. धान्य मापायच्या चिपट्यात मावेल तीच मुलगी पसंत व्हायची.

लवंगीला बघायला आलेल्यांनी तिला चिपट्यात बसवलं, तर वर दोन बोटं जागा उरली. नवऱ्या मुलाची आई हरखली. "आमचा फुटाण्या हिच्याहून लहान! पिल्लं सुपारीएवढी होतील बघा."

लवंगीला तिची थोरली बहीण आठवली. तीही अशीच इवलीशी होती. बाळंतपणात पिल्लू अडलं आणि ती गेली. पण बापापुढे नाही म्हणायची सोय नव्हती.

मग ती लाजत म्हणाली, "दोघांत लहान कोण, ते आधी ठरवा ना."

झालं! दोन्हीकडचे म्हातारे वाद घालत बसले. पोहे तसेच राहिले. दुपार कलली तसा उपाशी फुटाण्या डुलायला लागला आणि धपकन आडवा झाला.

"अगं बाई, माझं लेकरू!"

लवंगीनं गूळ आणून त्याच्या हिरड्यांना चोळला. "एवढ्याशा पोटाला उपास झेपत नाही, मावशी. मीही अशीच पडते. मग सुपारीएवढं पिल्लू कसं तगेल? आणि मी तरी?"

बापानं मान खाली घातली.

फुटाण्यानं ओठ चाटत डोळे उघडले. "आई, हिला माझी बहीण करू या. बायको चांगली दणकट बघ."

तसंच झालं. फुटाण्याच्या पिल्लांची नावं लवंगीआत्यानंच ठेवली, आणि महिन्याभरात त्या गुंडांनी आत्यालाच अंगणात लोळवलं.