घोड्यावरचा संगणक

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी संगणकाचा वर्ग चालवीत असत. त्यांच्या विद्यार्थ्यांत हौसा नावाची एक धनगराची सून होती. वर्षातले आठ महिने तिचे बिऱ्हाड घोड्यावर आणि पाऊल मेंढ्यांच्या मागे. वर्गात ती मोजून नऊ दिवस बसली. मग कळप हलला, तशी तीही हलली. पण शिकणे काही तिने सोडले नाही. गुरुजी आपले पाठ तिच्या मोबाईलवर धाडीत, आणि ती माळावर रेंज मिळेल तिथे उभी राहून सोडवलेले पाठ उलट पाठवी. सासऱ्याच्या तीनशे मेंढ्यांची सगळी माहिती तिने चालता चालता त्याच मोबाईलवर नोंदली होती.

त्या सुमारास मेंढपाळांच्या संघाला कळपाकळपांत फिरून लसीकरणाच्या नोंदी ठेवणारे माणूस हवे होते. हौसासाठी अशी जागा जन्मात पुन्हा निघणार नव्हती. अर्जाला संगणकाचे प्रमाणपत्र जोडायचे होते, आणि मुदत तीन दिवसांवर आली होती.

प्रमाणपत्रावर सही लागे संस्थेच्या अध्यक्षांची. हे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे कापडव्यापारी. वर्गातले दहाही संगणक त्यांच्या देणगीचे, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. हजेरीपट पाहताच त्यांनी पेन खाली ठेवले. मोबाईल हे खेळणे आहे, त्यावर का कुणी विद्या शिकतो, असे म्हणाले; आणि परीक्षा होईल ती संस्थेच्या संगणकावरच, असेही बजावले. काही माणसे दान देतात आणि मग दानाच्या वस्तूभोवती कुंपण घालतात, त्यांतलेच हे एक.

गुरुजींनी मान डोलावली. परीक्षा उद्या सकाळी, संस्थेच्याच संगणकावर, शेठजींनी जातीने यावे, एवढेच ते म्हणाले. शेठजींना वाटले, म्हातारा नमला.

सकाळी वर्गापाशी येऊन पाहतात तो काय, हौसाच्या सासऱ्याचा घोडा दारात उभा, आणि गुरुजी त्याच्या पाठीवर एका बाजूला मॉनिटर व दुसऱ्या बाजूला सीपीयू दोरीने आवळत आहेत. शेठजींनी विचारले, तर गुरुजींनी दोरीची गाठ आणखी आवळली. घोडा निघाला, मागे कीबोर्ड काखेत मारून गुरुजी, आणि त्यांच्या मागे देणगीच्या काळजीने शेठजी. दीड कोस चालून सारे एका पडीक शेतात पोचले. तिथे फिरत फिरत परत आलेला हौसाचा कळप बसला होता, आणि हौसाही तिथेच होती. गुरुजींनी घोंगडी अंथरून तिच्यावर संगणक नीट मांडला. एका कोकराने येऊन तो हुंगला आणि कंटाळून निघून गेले.

"करा चालू," गुरुजी शेठजींना म्हणाले.

"इथं वीज कुठंय?" शेठजी संतापले. "गुरुजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठजी, यंत्र जड होतं, त्याला वीज लागत होती, म्हणून आपण खोली बांधली आणि माणसांना यंत्रापाशी बोलावलं. ती आपली अडचण होती. पुढं त्या अडचणीचाच आपण नियम केला, आणि नियमालाच विद्या म्हणू लागलो. आता यंत्र हलकं झालंय, माणसाच्या मागं रानात येतंय. तरी तुम्ही म्हणता, पोरीनं मेंढ्या सोडून खोलीत यावं. हा नियम मी मानत नाही. काय विचारायचं ते तिला इथंच विचारा."

शेठजी चिडलेच होते. त्यांनी कळपातल्या एका लंगड्या मेंढीकडे बोट दाखवले. हौसाने मोबाईल काढला. अंगठा चार वेळा हलला, आणि त्या मेंढीचे छायाचित्र, ती व्याली ते दिवस, दिलेल्या लसी, खुराचा आजार, पुढच्या औषधाची तारीख, सगळे समोर आले. मग शेठजींनी संघाच्या नावे अर्ज लिहायला सांगितला. थोड्याच वेळात त्यांच्याच खिशातला मोबाईल वाजला. अर्ज आला होता. तो त्यांनी तिथल्या तिथे, चष्मा कपाळावर सरकवून, दोनदा वाचला. पण काढायला एकही चूक सापडेना. वाचतो आहोत ते खेळण्यावरच, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही.

नाइलाजाने त्यांनी गुरुजींकडून एक कोरे प्रमाणपत्र घेतले. 'उत्तीर्ण' असे लिहिले आणि पुढे कंसात जोडले, 'विशेष सवलतीने'. सही करून मोठ्या मनाने ते हौसापुढे धरले. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. आपण जिंकलो, असे त्यांना वाटले.

हौसाने कागद वाचला आणि परत दिला.

"ह्यो कागद मला नगं," ती म्हणाली. "सवलत कसली? समदा अभ्यास म्या केलाय, एक धडा गाळला नाय. संघात गेले तर लोक हेच वाचतील, का धनगराची म्हणून पास केली. चुकले आसंन तर नापास करा."

'घे पोरी, मुदत परवा संपते,' हे शब्द गुरुजींच्या ओठांवर आले होते. ते तिथेच थिजले. घोड्यावर संगणक लादून शेठजींना धडा शिकवायला आपण निघालो खरे, पण मनातून आपणही हिच्यावर मेहेरबानीच करीत होतो, हे त्यांना उमगले. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"शेठजी," ते म्हणाले, "ती म्हणते तेच बरोबर. ते दोन शब्द राहिले, तर उद्यापासून तुमच्या वर्गात मी नाही."

हौसा मागे हटली नाही, की तिने हातही जोडले नाहीत. अखेर शेठजींनी तो कागद फाडला, गुरुजींकडून दुसरा कोरा मागून घेतला आणि त्यावर एकच शब्द लिहून सही केली.

ज्याने विद्या कष्टाने मिळवली, त्याला ती उपकार म्हणून देऊ नये.