अर्धा कातरलेला मेंढा

पाऊस जिथे पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता निघून जातो, अशा एका माळावर एकदा एक वृद्ध मेंढपाळ राहत होता. काळ्या लोकरीची, काटक अंगाची मेंढी ही त्या माळाची पिढीजात जात. ती राखणाऱ्या सात कुटुंबांचे सात कळप होते; कळपाला आणि त्यामागच्या कुटुंबाला मिळून तिकडे वाडा म्हणतात. वृद्धाला सगळे आबा म्हणत. मेंढरू पारखावे तर आबांनी, असा त्यांचा लौकिक. शिकवताना मात्र ते इतके कमी बोलत की शिकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा.

त्यांचा शेवटचा शिष्य मायाप्पा. वय पंचविशीचे, अंगात रग, आणि मनात एक सल. ती सल बापाची होती.

मायाप्पाचा बाप भैरू. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा वाडा सातांत थोरला होता. त्या साली कोकणातली चराई आटोपून परतताना, घाट चढता चढता, एका दिवसात त्याची बत्तीस कोकरे खाली बसली ती उठलीच नाहीत. रोग नव्हता, लांडगा नव्हता. धाप लागायची आणि संपायचे. भैरूने त्यांतली दोन काखोटीला मारून माथ्यापर्यंत नेली. वर जाऊन खाली ठेवली, तेव्हा दोन्ही गेलेली होती. इतर वाड्यांचीही दोनचार दगावली, पण बत्तीसांपुढे ती कुणाच्या लक्षात राहणार? लोकांना कारण लागते. "भैरूच्या हाताला यश नाही," असे कुणीतरी म्हणाले आणि आठवड्यात ते माळभर झाले. भैरूने उरलेली मेंढरे विकली, हातातली काठी आढ्याला खोचली. बिरोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर सात वाड्यांच्या सात जागा होत्या, त्यांतली एक तेव्हापासून रिकामी राहिली.

पुढे मायाप्पा कर्ता झाला, तेव्हा आबांनी आपल्या कळपातल्या अकरा मेंढ्या त्याच्या दारात आणून सोडल्या. "राख," एवढेच म्हणाले. लोकांनी त्याला दानत म्हटले. 

वैशाख सरता सरता सगळे वाडे घरच्या माळाला परत आले की बिरोबाची यात्रा भरे. त्या दिवशी मेंढक्यांच्या चढाओढी चालत. सातही कळप एकत्र सोडायचे आणि नुसत्या हाकेवर आपापली मेंढरे वेगळी काढायची, ही एक. कुणाची लोकर एका सलग तुकड्यात उतरते, ही दुसरी. शेवटी सगळ्यांत मोठी गोष्ट, मानाच्या मेंढ्याची निवड. ज्याचा मेंढा मानाचा ठरे, त्याला पंच फेटा बांधीत आणि हाताला धरून ओट्यावर त्याच्या वाड्याच्या जागी नेऊन बसवीत. आणि पुढच्या हंगामात साती वाड्यांच्या मेंढ्या त्याच मेंढ्याकडे आणीत.

या निवडीचा एक दंडक होता. मेंढे देवळाच्या कुसाला, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतीला, समांतर एका रांगेत उभे करायचे, पंचांनी समोरून चालत जायचे आणि नजरेने पारखायचे. जनावराला हात लावायचा नाही. हात लावला म्हणजे धन्याच्या शब्दावर विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होई, आणि तेवढ्यावरून दोन घरांचे बोलणे तुटल्याची उदाहरणे होती. मग व्हायचे ते झाले. यात्रेत उभा करायचा मेंढा जो तो मागच्या कातरणीला न कातरता तसाच सोडी. वर्षाची लोकर अंगावर चढली की दुबळे जनावरही ढगाएवढे दिसते. सगळेच तसे करीत, त्यामुळे ती लबाडी आहे असे कुणाला वाटतच नसे.

मायाप्पानेही भुंग्याला तसाच वाढवला होता. भुंग्या म्हणजे त्याचा काळाभोर मेंढा. स्वतःच्या ताटातली भाकरी कुस्करून त्याला चारली होती. मायाप्पाची बायको म्हणे, "पुढल्या जन्मी मला मेंढा कर म्हणावं बिरोबाला, म्हंजी तरी धनी बोलंल दोन सबूद." मायाप्पा हसून सोडून देई. त्याला डोळ्यांपुढे ओट्यावरची ती रिकामी जागा दिसे. तिथे आपण बसलो की आपल्या बापाने पंधरा वर्षे खाली घातलेली मान वर होईल, यापलीकडे त्याला काही नको होते.

यात्रेच्या दिवशी सकाळी तो भुंग्याला धुण्यासाठी विहिरीवरून पाणी घेऊन आला आणि जागीच थिजला. आबांनी भुंग्याचे चारी पाय बांधून त्याला आडवा पाडला होता. हातात कातर होती. डावी बाजू मानेपासून शेपटापर्यंत कातरून झाली होती आणि काळ्या लोकरीचा ढीग बाजूला पडला होता. उजव्या बाजूला एक केसही कमी झाला नव्हता.

"आबा, ह्ये काय केलं तुमी?"

"एक बाजू कातरली."

"ती दिसतीया मला. पर आज? वर्सभर जपलेली लोकर, अन् नेमकी आज?"

"दुसरी तुला ठेवलीय." आबांनी पायांची दोरी सोडली, कातर मायाप्पाच्या पुढ्यात ठेवली. "आधी हात फिरीव."

मायाप्पाने रागारागातच हात फिरवला. खांद्याच्या मागे तळवा आत बुडाला. बरगड्या फळीसारख्या सपाट लागल्या. त्याने पुढच्या दोन पायांमध्ये मूठ घालून पाहिली, आबांनीच शिकवली होती तशी. मूठ मावली नाही. एवढ्या चिंचोळ्या छातीत श्वास राहणार तरी कुठे?

"कातरलेलं जनावर बारीकच दिसतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

आबा उठले, धोतर झटकले आणि देवळाकडे चालू लागले. मायाप्पाला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की पाठीमागून काहीतरी फेकून मारावेसे वाटले. गुरू म्हणवायचे आणि ऐन मोक्याला शिष्याचे तोंड काळे करायचे, ही कुठली रीत? मग त्याच्या ध्यानात आले की कुसाला लागून मेंढा उभा करायचा, तर पंचांना एकच बाजू दिसणार. उजवी बाजू शाबूत होती. त्याने कातर कमरेला खोचली आणि भुंग्याला घेऊन निघाला.

कुसाशी त्याने भुंग्याची डावी बाजू दगडांना इतकी चिकटवून उभी केली की मधून हवा जाऊ नये. गर्दीत आबा दिसत होते. मांडीवर हात ठेवून, कुणा परक्याची यात्रा पाहायला आल्यासारखे बसले होते.

पंचांच्या पुढे गजराक्का होत्या. चाळीस मेंढ्यांच्या मालकीण, जिभेला धार अशी की गावातले दोन पाटील त्यांना टाळून चालत. त्या एकेका मेंढ्यापुढे थांबत, मान हलवीत, पुढे जात. भुंग्यापुढे आल्या आणि थांबल्या त्या थांबल्याच.

"भैरूचा पोरगा का तू?"

"व्हय, अक्का."

"मेंढा राखलायस खरा. असलं अंग लई दिसांनी बघितलं." त्या इतर पंचांकडे वळल्या. "माझं मत तर ह्योच. माझ्या चाळीस मेंढ्या पहिल्यांदा ह्याच्याकडं. पुढल्या वर्साला कोकरं अशी हुतील की घाट उड्या मारत चढतील."

घाट हा शब्द गजराक्कांनी सहज उच्चारला. मायाप्पाच्या मात्र तो कानातून जाईना. पंच माना डोलवत होते, एकाने फेटा उलगडायला घेतला होता, ओट्यावरची जागा वीस पावलांवर होती. आणि त्याच्या डोळ्यांपुढे दहा वर्षांचा तो स्वतः उभा राहिला, काखेत दोन कोकरे घेऊन चढणाऱ्या बापाच्या मागे मागे धावणारा. ती कोकरेही कुणातरी मेंढ्याचीच असणार. त्या मेंढ्याचीही अशीच वाहवा झाली असेल.

आपली भिंतीकडे वळवलेली बाजू आपल्याला नेहमीच ठाऊक असते. वाहवा चालू असताना तिची आठवण ठेवणे तेवढे कठीण जाते.

"अक्का, जरा थांबा," मायाप्पा म्हणाला. त्याने भुंग्याचे शिंग धरले आणि त्याला सावकाश उलटा फिरवून उभा केला.

आधी हशा पिकला. कुणी म्हणाले, अर्धा मेंढा विकायला काढलाय का. मग पुढच्या माणसांना बरगड्या दिसल्या आणि हसणे ओसरले. मायाप्पाने कमरेची कातर काढली, तिथेच गुडघ्यावर बसला आणि उरलेली बाजू कातरू लागला. त्याचे डोळे भरून आले होते, त्यामुळे लोकर सलग निघाली नाही. निघाली तशी निघाली. शेवटी ढगाएवढ्या भुंग्याच्या जागी एक अरुंद छातीचे, भेदरलेले जनावर उभे राहिले.

"हात लावून बघा, अक्का," तो म्हणाला. "माझी परवानगी हाय. ह्याच्याकडं मेंढ्या धाडू नका."

गजराक्कांनी हात लावला. त्यांचा तळवाही खांद्यामागे बुडाला.

तेवढ्यात आबा गर्दीतून पुढे आले. त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि कुसावर ठेवला. उघड्या डोक्याचे आबा त्या माळाने कधी पाहिले नव्हते.

"हे पंधरा वर्षांपूर्वी मी करायला हवं होतं," आबा म्हणाले. "भैरूची कोकरं घाटात बसली, त्याच्या आदल्या वर्षी मानाचा मेंढा माझा होता. यात्रेनंतर त्याला कातरला, तेव्हाच मला छाती दिसली. पण डोक्यावर हा फेटा होता, तो काढवेना. म्हटलं, कुणाला कळतंय. भैरूचा वाडा थोरला, म्हणून सगळ्यांत आधी त्याच्या मेंढ्या माझ्या मेंढ्याकडं आल्या. पुढं कोकरं मेली, अन् तुम्ही म्हणालात भैरूच्या हाताला यश नाही. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. भैरूचा हात चांगला होता. खोट माझ्या मेंढ्यात होती, आणि त्याहून जास्त माझ्यात."

मग ते मायाप्पाकडे वळले.

"सगळा कातरला असता, तर तुला वाटच उरली नसती. खरं बोललास असं लोक म्हणाले असते, पण ते खरं माझं असतं. म्हणून अर्धी बाजू ठेवली. मला जे जमलं नाही ते तुला जमतं का, एवढंच बघायचं होतं. जमलं."

"अन् जमलं नसतं तर?" मायाप्पाने विचारले. आवाजात राग अजून होता.

"तर फेटा तुझ्या डोक्यावर बसायच्या आत मी उठलो असतो. एकदा गप्प बसलो, तेवढं पुरे."

गजराक्कांनी पदराने हात पुसले. "म्हाताऱ्या, पंधरा वर्सं ही गोष्ट गिळून कसा जेवलास रं तू?" त्या म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता त्यांनी रांगेतल्या आपल्या मेंढ्याचे कान धरले आणि त्याला मायाप्पापुढे उभा केला. "काप. बघू आमचं तरी सोनं का पितळ."

त्या दुपारी सगळे मेंढे कातरले गेले. गजराक्कांचा मेंढा निम्मा झाला आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. रांगेच्या टोकाला उभा असलेला एक बुटका मेंढा, ज्याच्याकडे पंचांनी नजरही टाकली नव्हती, त्याच्या पायांमध्ये मात्र मूठ सैल मावली. मानाचा तो ठरला.

मायाप्पा घरी गेला आणि बापाला सगळे सांगितले. भैरूने आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "म्हंजी माझ्या हाताचा दोष न्हवता?"

"न्हवता, दादा."

भैरू भिंतीकडे तोंड करून रडला. पंधरा वर्षांचे रडणे होते ते, लवकर आटोपणारे नव्हते. पुढे आठ दिवस तो आबांच्या दारावरून गेला तरी मान वळवीना. नवव्या दिवशी मात्र त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला आणि जुनी गंजलेली कातर पुढे केली. "धार गेलीया," म्हणाला, "लावून द्या." आबांनी दगड काढला. दोघे दुपारभर त्या दगडापाशी बसले आणि कातर धारेला लागली.

साती वाड्यांनी नवा दंडक घातला. यात्रेत उभा राहणारा प्रत्येक मेंढा आधी ओट्यासमोर कातरायचा, आणि त्याच्या छातीला ओट्यावर बसलेल्यांपैकी एकाने हात लावायचा. तो हात कुणाचा, यावर फार चर्चा झाली नाही. रिकाम्या जागेवर भैरूला बसवले. आबा आपली जागा सोडायला निघाले होते, ती त्यांना कुणी सोडू दिली नाही, सगळ्यांत आधी भैरूने.

पुढच्या वैशाखात वाडे कोकणातून परतताना भैरूही बरोबर होता, आढ्यातली काठी घेऊन. त्या बुटक्या मेंढ्याची कोकरे कळपात होती. मायाप्पा पुढे चालत होता. ज्या वळणावर पूर्वी पहिले कोकरू बसले होते तिथेही तो थांबला नाही. माथ्यावर पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिले. कोकरे धापा टाकीत, एकमेकांना ढुशा देत वर येत होती. सगळ्यांच्या मागून भैरू येत होता. काठी त्याने खांद्यावर टाकली होती आणि त्याच्या दोन्ही काखा रिकाम्या होत्या.