हाकेनंतरचा क्षण

एकदा एका शिष्येला खाडीकाठी एक लहानशी गोष्ट खटकली. पलीकडच्या तीरावरची सुरूच्या झाडांची रांग मघाशी स्पष्ट दिसत होती. ती आता अर्धीच उरली होती.

हिवाळ्यातली सकाळ होती. तिचे वृद्ध गुरू किनाऱ्यावरच्या गावोगावी निरूपणाला जात. शिष्या मोटारसायकल चालवी, गुरुजी धोतराचा सोगा सावरून मागे बसत. सामान घेऊन दुसऱ्या मोटारसायकलवर तिची जिवलग मैत्रीण शाल्मली असे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला निळा समुद्र, असा तो रस्ता खाडीपाशी संपे. पलीकडे जायचे तर फेरीबोटीतूनच.

त्या दिवशी कौलांनी भरलेला एका व्यापाऱ्याचा टेम्पो बोटीवर चढला आणि मागे एकाच मोटारसायकलीपुरती जागा उरली.

"तुम्ही व्हा पुढे, मी पुढच्या फेरीला येते," शाल्मली म्हणाली.

"नको! ती होडी सुटतेय बघ. गाडी घेतात त्यात. तिच्यातून ये."

"अगं, तासाभराने आभाळ कोसळणार आहे का? मस्त चहा पिते इथे."

"ये म्हणते ना! कुणी मागे राहिलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

शाल्मली हसली. "तुझा जीव एकदा कुठेतरी बांधून ठेवायला हवा," म्हणत तिने गाडी होडीत चढवून दोरीने आवळून घेतली. होडी पुढे निघाली, मागून फेरीबोट.

खाडीच्या मध्यावर आल्यावर धुके एकाएकी दाटले. आधी होडी दिसेनाशी झाली, मग पाणी, मग बोटीचे पुढचे टोकही. शिष्येने मोबाइल काढला, रेंज नव्हती. तेवढ्यात बोट चालवणाऱ्या सारंगाने इंजिन बंद केले.

त्या खाडीची ती जुनी रीत होती. धुक्यात वाट दिसेनाशी झाली की मोठ्या बोटीने गप्प व्हायचे, आणि होडीवाल्याने वल्ह्याने होडीच्या काठावर ठोके द्यायचे. ठोके ज्या अंगाने येतील ते अंग सोडून बोट पुढे न्यायची.

"जरा गप रवा सगळी," सारंग म्हणाला. "होडी खंय आसा ता आयकूंक दे. ओहोटी लागलीहा, बोट ओढता. लय वेळ थांबूचा नाय."

इंजिन थांबल्याबरोबर जी शांतता पसरली, तिने शिष्या दचकली. आपणच शाल्मलीला त्या होडीत ढकलले, हे तिला एकदम कळले. ही एवढी लोखंडी बोट, ती एवढीशी होडी. तिने मोटारसायकलची किल्ली फिरवली आणि हॉर्नवर बोट दाबले ते उचललेच नाही. त्याच वेळी ती ओरडत होती, "शाल्मलीऽऽ! शाल्मलीऽऽ!"

"अहो सारंग, इथेच मुक्काम ठोकायचा बेत आहे का?" व्यापारी कातावला आणि त्यानेही टेम्पोचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

तेव्हा गुरुजी उठले. सावकाश चालत आले, तिच्या गाडीची किल्ली काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

हॉर्न थांबला.

"गुरुजी! किल्ली द्या! तिला कळणार कसं आपण कुठे आहोत ते?"

गुरुजींनी व्यापाऱ्याकडे पाहून हात जोडले. "शेटजी, आपणही कृपा करा." तोही वरमून थांबला.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?" तिचा आवाज चिरकला. "मी तिला पाठवलं. मी!"

"म्हणूनच किल्ली घेतली," गुरुजी म्हणाले. "मुली, तू हाक मारत नव्हतीस. हाक संपते, आणि संपली की ती दुसऱ्याची होते. तुझी संपतच नव्हती. आपल्या माणसाच्या काळजीने आपण इतका गलका करतो, की त्या गलक्यात तेच माणूस बुडून जातं. एकदाच हाक मार. मग थांब. ते थांबणंही हाकेतच येतं."

मग जे ती इतका वेळ हॉर्नखाली दडपत होती, ते तिने विचारले.

"आणि ओ आलीच नाही तर?"

गुरुजींचा हात कठड्यावर घट्ट आवळला होता.

"ती भीती मलाही आहे," ते हळूच म्हणाले. "पण ती सोसल्याशिवाय ओ ऐकू येत नाही."

शिष्या बोटीच्या टोकाशी गेली. श्वास भरून घेतला आणि एकदाच हाक मारली.

"शाल्मलीऽऽ!"

हाक धुक्यात शिरली आणि विरली. पुन्हा ओरडावे म्हणून तिचे तोंड उघडले. तिने ते हाताने झाकले. कौलांवरून दवाचे थेंब टपकत होते. बोटीखालून पाणी चुळचुळत जात होते. व्यापाऱ्याने टोपी काढून हातात घेतली होती. तो क्षण संपता संपेना.

मग, डाव्या अंगाने, अगदी जवळून, लाकडावर लाकूड वाजले. टक्. टक्. सारंगाने सुकाणूचे चक्र उजवीकडे फिरवायला घेतले, आणि त्या ठोक्यांच्या मागून, ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात, उत्तर आले:

"ओऽऽ! अगं बये, मघापासून ओ देतेय मी!"