ओल्या वार्निशातलं पाऊल

“मगे मी भायर कसो येव, मेस्तरी?”

आवाज होडीच्या पोटातून आला. भिवा मेस्तरी केबिनच्या दाराबाहेर बसून पान जुळवत होते.

“पायानी.”

“सगळा वला आसा!”

मेस्तरींनी वाकून आत पाहिलं. लाकडी भिंती, झोपायची बाकं, पायाखालच्या फळ्या... दारापासून टोकापर्यंत सगळं लखलखत होतं. आणि पार टोकाला, सांदीत, पाय पोटाशी घेऊन दिगंबर बसला होता. हातात ब्रश.

दिगंबर मेस्तरींचा पट्टशिष्य. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. आज पहिल्यांदाच अख्खी केबिन मेस्तरींनी त्याच्या एकट्यावर सोपवली होती. संध्याकाळी होडीचे मालक बघायला यायचे होते. कुठे डाग दिसला नाही, तर पुढच्या होडीचं अख्खं काम दिगंबरचं, असा मेस्तरींचा शब्द होता.

वार्निशही त्यानेच निवडलेलं. दुकानातलं सगळ्यात चकचकीत.

“माणसा थंय झोपूक जातली, तोंड बघूक नाय,” असं मेस्तरी म्हणाले होते. पण ऐकेल तो दिगंबर कसला!

“दाराकडना सुरवात कित्याक केलंस?” मेस्तरींनी विचारलं.

“दारातला सगळ्यांका पयला दिसता म्हणान.”

“हां...”

मेस्तरींनी पान तोंडात टाकलं.

“मगे खिडकेतसून ये.”

“बघलंय. डोक्या जाता, खांदे अडाकतत.”

मेस्तरींना हसू आवरेना. हसता हसता सुपारी घशात जायची राहिली.

“मगे सरळ चालान ये. जेवूचो आसंस अजून.”

“माझ्या कामार मी पाय ठेवचंय नाय. सुकासर हयच बसतलंय.”

“मालक येतले तेव्हा?”

“हयच.”

“वासान चक्कर येतली.”

“येवंदे.”

दुपार चढली. वार्निशाचा वास केबिनमध्ये कोंडला. दिगंबरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, डोकं गरगरू लागलं, पण गडी हलेना. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी जात.

मेस्तरी उठले. लुंगी खोचली आणि अनवाणी दारातून आत शिरले.

चपक... चपक...

“मेस्तरी! ह्या काय करतास!”

मेस्तरी आपले सरळ चालत आले आणि त्याच्याशेजारी दाटीवाटीने टेकले.

“एकटो बसलंस तर कटाळो येयत तुका.”

दिगंबर त्या पावलांकडे बघत राहिला. दारापासून आपल्यापर्यंत आलेली पावलं... त्याला रडू येत होतं. आलं मात्र हसू.

“आता?”

“आता ऊठ. मी फुडे जातंय. तू माझ्या पावलात पाय ठेव, नि ब्रश मारीत मागे मागे ये.”

तसे ते निघाले. आतलं वार्निश ओलंच होतं. ब्रश फिरला की पाऊल बुजायचं. पण दाराजवळचं सकाळी लावलेलं, ते सुकून आवळायला लागलं होतं. तिथे ब्रश फिरवावा तितकं ते जास्तच बिघडू लागलं. दिगंबरने हात आखडला.

बरोबर दारात एक पाऊल राहिलंच. रुंद, आंगठा बाहेर वळलेला. मेस्तरींचा तो आंगठा अख्ख्या बंदराच्या ओळखीचा.

संध्याकाळी मालक आले. आत डोकावून खूश झाले. मग त्यांची नजर खाली गेली.

“ह्या पावल कोणाचा?”

मेस्तरींनी तोंड उघडलं, पण दिगंबरच आधी बोलला.

“माझा.”

मालकांनी दिगंबरच्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं. मग मेस्तरींच्या पायांकडे...

“बरा. नि काम कोणाचा?”

“मेस्तरींचा.”

मालक गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले.

मेस्तरी खो खो हसत सुटले. हसू थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि आपला ब्रश दिगंबरच्या हातात दिला.

“फुडची होडी तुझी.”