अस्वलाचा संगणक आणि सासरचा कारभारी

एका जंगलात, नदीच्या वळणावरच्या गुहेत, एक अस्वल आपल्या अस्वलिणीसह राहत असे, आणि त्या गुहेत एक संगणकही होता. जंगलात वीज कुठून आली, असे तुम्ही विचाराल. मुलांनो, गोष्टीत अस्वल बोलते तेव्हा तुम्ही काही विचारत नाही, मग विजेपाशीच तुमचे घोडे का अडावे? तर तो संगणक अस्वलाला लग्नात सासऱ्यांनी दिला होता. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीमही सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने घालून दिली होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या पोटात बसलेला कारभारी. कोणते काम आधी, कोणते मागून, कोणते सामान कुठे ठेवायचे, हे सगळे तोच ठरवतो. हा कारभारी बराच जुना झाला होता, पण अस्वलाने त्याला कधी हात लावला नाही. सासरहून आलेल्या वस्तूत जावयाने खोट काढू नये, असे त्याच्या आईने त्याला बजावले होते. सासरचा आंबा कितीही आंबट निघाला तरी ते डोळे मिटून "फार गोड" असे म्हणत असे.

त्या संगणकावर अस्वल जंगलातल्या समारंभांच्या चित्रफिती बनवी. मोराच्या लग्नाची त्याने केली होती, कासवाच्या शंभरीचीही केली होती. काम नेटके होते, त्यामुळे चार घरी त्याचे नाव निघे. एके दिवशी ते नाव वाघाच्या कानावर गेले आणि वाघ स्वतः गुहेच्या दारात येऊन उभा राहिला.

वाघ फार सभ्य होता. तो कधी कुणावर ओरडत नसे, फक्त विचारत असे.

"आमच्याकडे तीन बछडे झालेत," वाघ म्हणाला. "बाराव्या दिवशी बारसं आहे. जन्मल्यापासूनची सगळी चित्रं मी रोज आणून देतो. त्यांची छानशी फीत करून बारशाला सगळ्यांना दाखवायची. जमेल ना, अस्वलराव?"

"जमेल की," अस्वल म्हणाले. वाघाला दुसरे काही उत्तर देता येते का, हे त्याला ठाऊक नव्हते. "पण तुमच्या लग्नाची फीत तरसाने केली होती ना? त्याला वाईट वाटायचं."

"तरस फार गुणी," वाघ म्हणाला आणि त्याने जिभेने मिशा साफ केल्या. "फक्त वेळ पाळली नाही."

वाघ गेल्यावर अस्वलाच्या लक्षात आले की तरस गेल्या पावसाळ्यापासून कुणाला दिसलेलाच नाही.

नव्या बापाची हौस ती, तिला काही सुमार असतो का? वाघ रोज सकाळी चित्रांची रास आणून टाकू लागला. बछडा झोपलेला, बछडा या कुशीवर झोपलेला, बछडा त्या कुशीवर झोपलेला. तिघांचेही डोळे अजून उघडले नव्हते, त्यामुळे सगळी चित्रे साधारण सारखीच दिसत, पण हे वाघाला सांगणार कोण? अस्वलाने ती सगळी एका फितीत गुंफायला घेतली आणि संगणकाने मान टाकली. पडद्यावर एक गोल फिरू लागला. अस्वल जेवून आले, तरी गोल फिरतच होता.

"मेमरी कमी पडतेय," अस्वल स्वतःशी म्हणाले आणि वडाखालच्या कोल्ह्याच्या दुकानात गेले.

कोल्हा खोटे कधी बोलत नसे. त्याला तशी गरजच पडत नसे. गिऱ्हाईक जेवढे विचारील तेवढ्याचेच उत्तर तो देई, आणि उरलेले स्वतःपाशी ठेवी.

"मेमरी वाढवली की काम भराभर होतं ना, कोल्होबा?" अस्वलाने विचारले.

"मेमरी म्हणजे सामान पसरायचा ओटा," कोल्हा म्हणाला. "ओटा मोठा असला की स्वयंपाक लवकर होतो. यात खोटं काय आहे?"

संगणकात दोन जीबी मेमरी होती. अस्वलाने मधाचे एक मडके देऊन आणखी दोन जीबीची पट्टी घेतली, घरी येऊन खाचेत बसवली, आणि खरोखरच काम सुरळीत सुरू झाले. गोल फिरेनासा झाला. अस्वलाला इतका आनंद झाला की ते गुहेतल्या गुहेत दोन पायांवर नाचले. आपल्या अस्वलाची पुढची सगळी फजिती या आनंदातून झाली. एकदा गुण आला म्हटल्यावर तेच औषध दुप्पट घ्यावे, असे त्याने ठरवून टाकले.

चित्रे वाढत गेली आणि गोल पुन्हा फिरू लागला. मग अस्वलाने पुन्हा मध दिला आणि मेमरी आठ जीबी केली. गोल फिरतच राहिला. नव्या पट्ट्यांना रुळायला वेळ लागत असेल, असे म्हणून त्याने एक दिवस वाट पाहिली. मग आणखी मध दिला आणि सोळा जीबी केली. आता चारही खाचा भरल्या. अस्वलाने शेजारच्या वानरांना बोलावून पडद्यावरचा सोळाचा आकडा दाखवला. वानरांनी माना डोलावल्या. त्यांची पाठ वळताच गोल पुन्हा फिरू लागला.

इतक्यात वाघ आला. "कसं काय चाललंय?"

"शेवटचा हात फिरवतोय," अस्वल म्हणाले आणि पडद्याच्या आड उभे राहिले.

"छान. परवा बारसं आहे. मी स्वतः न्यायला येईन."

"फीत न्यायला?"

"तीही," वाघ म्हणाला आणि सावकाश निघून गेला.

अस्वल कोनाड्यातले मधाचे शेवटचे मडके उचलून दाराकडे निघाले. अस्वलीण कंदमुळे निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"कुठे निघालात?"

"कोल्ह्याकडे. सोळाने भागत नाही. बत्तीस करावी म्हणतो."

"बसवणार कुठे? खाचा संपल्या ना? आधी ते मडकं खाली ठेवा." अस्वलीण उठून संगणकापाशी आली. "आणि मला दाखवा, तुमची ही सोळा आहे तरी कुठे?"

अस्वलाने मोठ्या अभिमानाने पडद्यावर बोट ठेवले. "ही बघ. बसवलेली मेमरी, सोळा जीबी."

"आणि पुढे कंसात काय लिहिलंय?"

"अगं, कंसातलं कोण वाचतं?"

अस्वलिणीने वाचले. तिथे लिहिले होते, वापरण्याजोगी सव्वातीन जीबी. अस्वलाने तिला ते पुन्हा वाचायला लावले, मग स्वतः वाचले, आणि कपाळाला हात लावून खालीच बसले.

दोघे मिळून कोल्ह्याच्या दुकानात गेली. अस्वल रागाने फुरफुरत होते, पण बोलली अस्वलीण.

"भाऊजी, मला एवढंच सांगा. आमच्या संगणकाला मेमरी वापरता येते तरी किती?"

कोल्ह्याने पहिल्यांदाच हातातले काम बाजूला ठेवले. "हा खरा प्रश्न, वहिनी. चार जीबी. त्याहून जास्त नाही."

"का बरं?"

"तुमचा कारभारी बत्तीस बिटांचा आहे. सामान ठेवायच्या प्रत्येक खोलीचा पत्ता तो 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' असा सांगतो. अशी बत्तीस वळणं सांगून झाली की त्याचं बोलणं संपतं. तेवढ्या वळणांत ज्या खोल्या गाठता येतात, त्या सगळ्या मिळून चार जीबी होतात. त्यापुढे तुम्ही राजवाडा बांधा, त्याला तिथला पत्ताच सांगता येत नाही, मग सामान तिकडे जाणार कसं?"

"मग चार तरी दिसायला हवेत. सव्वातीन कसे?"

"पडदा, आवाज, ही घरचीच मंडळी. त्यांच्यासाठी काही पत्ते आधीच राखून ठेवलेले असतात. पंगतीत घरच्यांची पानं धरून ठेवतात ना, तसं."

"म्हणजे आमचा तो सगळा मध पाण्यात गेला," अस्वल म्हणाले.

"पट्ट्या अस्सल आहेत, अस्वलराव. बसल्याही आहेत. नुसत्या बसून आहेत, इतकंच."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," कोल्हा म्हणाला. "तुमचं यंत्र ठणठणीत आहे. चौसष्ट वळणं सांगणारा नवा कारभारी आणा. त्याला सोळा जीबी म्हणजे ओसरीसुद्धा नाही."

अस्वलिणीला वाटले, सुटलो. पण गुहेच्या दाराशी येऊन अस्वल थांबले.

"कारभारी बदलायचा नाही," ते म्हणाले.

"का?"

"तुझ्या बाबांनी स्वतःच्या हाताने घातलाय. तो काढून टाकला तर त्यांना काय वाटेल? जावई माजला, असंच म्हणतील."

"आणि वाघाने तुम्हाला खाल्लं तर त्यांना काय वाटेल?"

अस्वलाने याचा विचार केलाच नव्हता. तरी ते हटेना. भीती होतीच, पण सासऱ्यांविषयी त्याच्या मनात खरोखर माया होती. एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू पुरी पडत नाही, असे त्यांच्या तोंडावर म्हणायला त्याची जीभ रेटेना. अस्वलिणीने त्याच्याशी वाद घातला नाही. ती तडक नदी ओलांडून माहेरी गेली आणि वडिलांनाच घेऊन आली.

म्हातारे अस्वल आत आले, संगणकासमोर बसले, आणि त्यांनी डोळ्यांवर पंजा धरला. "अरेरे, जावईबापू, तुम्ही अजून हाच कारभारी वापरताय?"

"तुम्ही दिलेला आहे, बाबा," अस्वल हळूच म्हणाले. "फार छान चालतो."

"कसला छान? मी दिला तेव्हाच तो म्हातारा झाला होता. मी माझ्या घरातला कधीच बदलला. तुम्हाला सांगावं असं दर सणाला मनात यायचं. पण जावयाच्या घरात नाक कसं खुपसायचं? म्हटलं, त्यांना आवडत असेल."

अस्वलाने सासऱ्यांकडे पाहिले, सासऱ्यांनी अस्वलाकडे पाहिले. अस्वलीण दोघांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मी सांगत नाही. तुमच्या आईचा चेहरा आठवा.

त्यांनी बछड्यांची सगळी चित्रे आधी दुसरीकडे उतरवून घेतली, मग जुन्या कारभाऱ्याला निरोप दिला आणि नवा आणून बसवला. संगणक सुरू झाला. सोळा जीबीपुढचा कंस नाहीसा झाला होता. अस्वलाने श्वास रोखून फितीचे काम उघडले. हजारो झोपलेली पिल्ले एकामागून एक सरसर पुढे सरकू लागली आणि गोल काही दिसला नाही. अस्वलाचा जीव भांड्यात पडला. त्याने वाकून सासऱ्यांना नमस्कार केला, आणि नंतर, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, अस्वलिणीलाही केला.

बारशाला सगळे जंगल लोटले. त्या दिवशी वाघाकडे स्वयंपाक शाकाहारी होता, म्हणून हरणेसुद्धा आली होती. बसली मात्र दाराजवळ होती. फीत कुठेही न अडखळता शेवटपर्यंत चालली. पिल्ले झोपलेली पाहून वाघीण रडली, वाघाने घसा खाकरला आणि मान दुसरीकडे वळवली. मग तो अस्वलापाशी आला आणि स्वतः पळी हातात घेऊन त्याला वाढू लागला.

जेवणात मोहाच्या फुलांची खीर होती. अस्वलाला ती जीव की प्राण. त्याने एक द्रोण संपवला, दुसरा संपवला. वाघाने आग्रह केला म्हणून तिसरा संपवला.

"आणखी थोडी?" वाघाने विचारले.

अस्वलाचे पोट तट्ट फुगले होते. पण वाघाला नाही म्हणायचे, तेही त्याच्याच घरी, तेही बारशाच्या दिवशी? त्याने डोळे मिटले आणि आणखी एक द्रोण रिचवला. पळी पुन्हा वर आली. समोरच्या पानावर बसलेला कोल्हा ही गंमत पाहून मिशीतल्या मिशीत हसत होता.

"वाघसाहेब," अस्वलीण म्हणाली, "तुम्ही प्रेमाने वाढताय, पण ह्यांच्या पोटात किती मावतं ते आधी विचारा. नाहीतर वाढलेलं पानात दिसेल, आत काही जाणार नाही."

हरणे उठून उभी राहिली. वाघाने हातातल्या पळीकडे पाहिले, मग अस्वलाकडे पाहिले.

"किती मावेल, अस्वलराव?" त्याने विचारले.

अस्वलाने एकवार अस्वलिणीकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाढणाऱ्याला खरे उत्तर दिले. "आता एक थेंबही नाही. खीर छान आहे, पण मी भरलो."

"मग असं सांगावं," वाघ म्हणाला. त्याला मुळीच राग आला नाही. त्याने ती पळी कोल्ह्याच्या पानाकडे वळवली आणि द्रोण भरला, मग पुन्हा भरला, मग पुन्हा भरला. कोल्ह्याला किती मावते हे काही त्याने विचारले नाही, आणि न विचारता सांगायची कोल्ह्याला सवय नव्हती.

तात्पर्य : भर घालण्याआधी, घेणाऱ्याला किती पेलते ते विचारावे, आणि आपल्याला किती पेलते हे कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे, मग समोर सासरे असोत की वाघ.