कोरे चौकोन

"फट किती भरली ते कळलं. दात किती राहिले?"

कानडेबाईंनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

निशिकांत गोंधळला. "बाई, आपण दात मोजत नव्हतो. फट मोजत होतो."

दंत महाविद्यालयातला हिरड्यांचा विभाग बाईंनी तीस वर्षं सांभाळला होता. निशिकांत शेवाळे त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. निरोगी हिरडी दाताला घट्ट धरून असते. आजारली की सुटते, मध्ये फट पडते. निशिकांतने साठ जणांना सहा महिने एक गुलाबी मलम लावायला दिलं होतं, तुलनेसाठी दुसऱ्या साठ जणांना दिलं नव्हतं, आणि मलम लावणाऱ्यांच्या फटी कमी झाल्या होत्या.

अहवाल चारच्या आत पाठवायचा होता. बाईंची सही झाली की सोमवारपासून ते मलम ऐंशी गावांच्या शिबिरांत जाणार होतं, निशिकांतच्या नावासह.

घड्याळात साडेतीन झाले होते.

"फट कमी झाली की दात टिकतो, बाई. तुम्हीच शिकवलंत."

"टिकायला हवा, असं शिकवलं."

"दात पडायची वाट बघायची तर वर्षं जातात. म्हणून तर फट मोजायची. सगळीकडे असंच करतात."

"करतात..." बाईंनी पान उलटलं. "बाहेर बाकावर कोण बसलंय?"

"गजराबाई. शेवटची मोजणी गेल्या आठवड्यात झाली, आज पुन्हा दाखवायला आल्यात. माझा सर्वांत चांगला निकाल. सरासरी फट सहा मिलिमीटरवरून तीनवर! बोलावू?"

गजराबाई आत आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या. बाईंनी विचारायच्या आत त्यांनी पदराची गाठ सोडली आणि एक दात टेबलावर ठेवला.

"आज सकाळीच आला वो हातात. माझी जाऊ म्हणली, टाक छपरावर, नवा येईल. म्हणलं, आधीचे दोन बी तिथंच हायेत, त्ये कुठं उगवले!"

त्या स्वतःच हसल्या, तोंडावर पदर धरून.

बाईंनी तो दात उचलला आणि अहवालावर ठेवला. मग ट्रेमधली फट मोजायची बारीक सळई निशिकांतच्या हातात दिली.

"मोज."

"बाई... याला हिरडीच नाही. फट कशी मोजणार?"

"मग या दातापुढे काय लिहिणार?"

"काही नाही. चौकोन कोरा सोडतो. उरलेल्या दातांची सरासरी काढतो."

बाईंनी साठ जणांच्या तक्त्यावर पेनाचं टोक ठेवलं. एक कोरा चौकोन. दुसरा. तिसरा. त्या मोजत राहिल्या. निशिकांत घड्याळाकडे बघत राहिला.

"एक्केचाळीस," बाई म्हणाल्या. "गजराबाईंच्या तोंडात सर्वांत खोल फट कोणत्या दातांना होती?"

निशिकांतने गजराबाईंचं पहिल्या दिवसाचं कार्ड काढलं. बोट एका ओळीवरून फिरलं आणि थांबलं.

"जे पडले... त्यांनाच."

"उद्या आणखी एक खिळखिळा दात पडला तर?"

निशिकांतने त्या ओळीतला आणखी एक आकडा अंगठ्याने झाकला.

"निशिकांत, तर तुझा निकाल?"

"सुधारेल."

"आणि सगळेच पडले की?"

निशिकांतच्या हातातली सळई टेबलावर टेकली.

"ज्या साठ जणांना मलम दिलं नव्हतं, त्यांचे किती चौकोन कोरे आहेत?"

"ते मी... मोजले नाहीत."

"मलमाने दात वाचले असतील?"

"असतील."

"मलमाने काहीच झालं नसेल?"

"तेही असेल. पण बाई, आज सही झाली नाही तर या वर्षी माझं काम शिबिरांत जातच नाही!"

चारला बारा मिनिटं कमी होती.

गजराबाई एकदा बाईंकडे, एकदा निशिकांतकडे बघत होत्या. त्यांचा आवाज बारीक झाला.

"दादा, माझं काय चुकलं का? मलम मी रोज लावलंय. लेकीच्या बाळंतपणातबी एक दिस चुकवला न्हाई."

"नाही मावशी. तुमचं नाही चुकलं."

"मग उरलेले तरी ऱ्हातील न्हवं?"

निशिकांतने कार्डाकडे पाहिलं. तीनचा आकडा त्यानेच लाल शाईने गोल केला होता. शेजारी तो दात पडला होता, मुळाशी अजून थोडा लालसर.

त्याने सळई ट्रेमध्ये ठेवली.

"मला माहीत नाही, मावशी."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"हेच अहवालात लिही. मग मी सही करते."