लाव्याची पिल्लं आणि कंदील

ही गोष्ट धाकट्यांना सांगायची नाही, असं आत्याने बजावलंय. ऐकून पोरं शेफारतात म्हणे. तरी सांगते.

खूप वर्षांपूर्वी लाव्याची बारा आईवेगळी पिल्लं एका टोपलीत वाढत होती. उबेसाठी वर दोरीला कंदील टांगला होता. "तुमचा आईबाप मीच," तो म्हणायचा, "सगळे माझ्याखाली बसा." पिल्लं उकाड्याने चोची उघडून धापा टाकत बसायची. एके दुपारी त्यातलं एक कोलमडलं.

सगळ्यात लहान पिल्लाने त्याला ढकलत टोपलीच्या कडेला नेलं.

"उद्धट कुठलं! गारठून मराल तिथे," कंदील ओरडला.

"मरत तर तुमच्याखाली होतो, काका."

मग बाकीचीही कडेला गेली. कंदील टोपलीतल्या नुसत्या भुशावर उजेड पाडत राहिला. शेवटी म्हणाला, "मग मी करू तरी काय?"

"वर सरका."

त्याने चडफडत दोरीला सांगितलं. तिने त्याला वीतभर वर ओढलं. पिल्लं टोपलीभर पसरली, दाणे टिपू लागली.

"आता तरी आईबाप म्हणाल?"

"म्हणू की," लहान पिल्लू म्हणालं, "पण आठवड्याने आणखी वर सरकायचं. आणि आम्हाला पिसं फुटली, की तुम्ही सरळ विझून—"

थांबा, आई हाक मारतेय. आले गं, आई!